दोन पोती काळी माती आणि अर्धं पोतं मीठ

बार्शीहून निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत कपड्यांची एक पिशवी होती आणि काळ्या मातीची दोन पोती. कमल, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "लोक कोकणातून आंबे आणतात. तुम्ही कोकणात माती घेऊन चाललात."

"बहिणीच्या घराला माहेरची माती नको का?"

"माहेरची साडी चालली असती," असं म्हणून तिने दार लावून घेतलं. मागचं दार. पुढचं उघडत नाही.

त्याचं कारण सांगायला हवं. आमची काळी माती म्हणजे साधंसुधं प्रकरण नाही. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की आमच्या वस्तीवरची एक शेळी एप्रिलात भेगेत उतरली आणि जूनमध्ये दोन करडं घेऊन वर आली. पावसात हीच माती फुगते आणि घरं उचलते. माझ्या घराचा पुढचा दरवाजा दिवाळी ते होळी एवढाच उघडतो. भिंतीला गेलेल्या चिरेतून मी शेजारच्या वसंताला तंबाखू देतो, तो मला चुना देतो. आणि हे घर मी स्वतः बांधलेलं आहे. घरं बांधण्यात माझा उभा जन्म गेला, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन आहे. निदान बार्शीत आहे.

आता प्रवासाचं कारण. माझी धाकटी बहीण सुनंदा आणि तिचे यजमान प्रभाकरराव नोकरीतून मोकळे झाले आणि त्यांच्या मूळ गावी, आचऱ्याला, खाडीच्या काठी घर बांधायला लागले. घराचा नकाशा मी काढून दिला. बार्शीत बसून, फोनवर जागेची लांबी-रुंदी विचारून. जागा पाहायची मला गरज वाटली नाही. भिंती आल्या, कौलं चढली, आता फक्त संडासाची टाकी आणि शोषखड्डा राहिला होता. तिथेच घोडं अडलं. महिनाभर सुनंदा फोनवर एकच सांगत होती, "आण्णा, आबा मेस्त्री म्हणतात करूया." पाऊस तोंडावर आलेला. एकदा तो लागला की वाळूतला खड्डा पाण्याने भरतो आणि मग दिवाळीपर्यंत नव्या घरात राहायला जाणं विसरा. शेवटी मी म्हटलं, मी येतो आणि उभा राहून खणून घेतो.

फोंडाघाट उतरताना जमीन रंग बदलायला लागते. वर असताना तपकिरी, मध्यावर विटकरी, आणि खाली पोचेपर्यंत इतकी तांबडी की पांढरा सदरा घालून चहाला उतरलो तो भगवा होऊन गाडीत बसलो. तिथल्या टपरीवाल्याला माझ्या डिकीतली पोती दिसली.

"पोत्यात काय आसा?"

"माती."

"खंय नेतास?"

"आचऱ्याला."

त्याने एकदा पोत्यांकडे आणि एकदा माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग आत बघून बायकोला म्हणाला, "गो, पावण्यांका आदी थंड पाणी दी. उनातसून इले आसत."

कणकवली मागे टाकून आचऱ्याच्या वाटेला लागलो की सडा सुरू होतो (सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार). इथे मी पहिल्यांदा चिरेखाण पाहिली. आम्ही माती कालवतो, थापतो, भाजतो, तेव्हा वीट मिळते. हे लोक जमिनीलाच करवत लावतात आणि तयार चौकोनी चिरे कापून काढतात. एक खाण इतकी व्यवस्थित कापलेली होती की खाली जिना, खोल्या, न्हाणीघर सगळं तयार वाटलं, फक्त कौलं घालून राहायला जायचं. चिऱ्याला अंगभर बारीक भोकं असतात. मी बाटलीतलं पाणी एका चिऱ्यावर ओतलं. त्याने ते पिऊन टाकलं आणि आणखी मागितलं. ही गोष्ट मी लक्षात ठेवायला हवी होती. मी तिचा फोटो काढला आणि पुढे निघालो.

आचऱ्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. घर सुरेख उठलं होतं, नकाशा चांगला असला की उठणारच. पण अंगणात पाय ठेवला आणि बूट घोट्यापर्यंत आत गेला. पायाखाली सगळी पुळण, म्हणजे समुद्राकाठची मऊ वाळू. पलीकडे माडांची रांग आणि त्यामागे खाडी. आमच्याकडे पावसात माणूस चिखलात रुततो, इथे भर उन्हात कोरड्या जमिनीत रुतला.

सुनंदाने पाण्याचा तांब्या पुढे केला. समुद्र हाकेच्या अंतरावर, मी आपला खारट घोटाची तयारी ठेवून प्यालो. ते पाणी असं गोड होतं की मी तांब्या संपवला, दुसरा मागितला आणि तिसरा अंगावर सांडला म्हणून हळहळलो.

"ही आमची बाव," प्रभाकररावांनी दाखवली (बाव म्हणजे विहीर). चिऱ्यांनी बांधलेली, फार खोल नाही, सुनंदाच्या आणि शेजारच्या घराच्या बरोबर मधोमध. शेजारच्या हलिमाभाभी कळशी भरत होत्या. वय साठीचं, त्यांच्या यजमानांचं बंदरावर जाळ्यांचं दुकान. मला त्यांनी वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमीच ते नकाशेवाले आण्णा?"

मी छाती काढून हो म्हटलं.

"बरा झाला इलात," एवढंच बोलून त्यांनी कळशी कमरेवर घेतली. मग जाता जाता थांबल्या. "ह्या पाणी पावसाचा आसा. खाली सगळा खारा, वर ही गॉड्या पाण्याची साय. हळू काढला तर वर्सभर पुरता. खाडीकडच्या बावी सगळ्यो खाऱ्यो झाल्यो. आता ह्या वाडीत गोडी बाव ही एकच रवली."

रात्री जेवायला तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, घावणे आणि सोलकढी. मी किती घावणे खाल्ले ते सांगत नाही, कारण कमल हे वाचणार आहे.

सकाळी आबा मेस्त्री आले. काटकुळे, खांद्यावर पंचा, चेहऱ्यावर जगातला सगळा वेळ. मी नकाशा पसरला. स्वयंपाकघराच्या मागे, पूर्वेला, पुरुषभर खोल शोषखड्डा. बावीपासून सात-आठ पावलांवर. "हा खड्डा का होत नाही?"

"करूया मा," आबा म्हणाले.

"कधी?"

"करूया."

"आज?"

"आज करूया. नायतर फाल्या (उद्या) करूया."

पुढचे दोन दिवस आबा रोज वेळेवर आले, चहा प्याले, पहारीला धार लावली, गडग्याचे (दगडी कुंपणाचे) चार दगड सरळ केले आणि गेले. नाही म्हणून एकदाही म्हणाले नाहीत. मला असल्या माणसाशी भांडता येत नाही. भांडायला समोरच्याने निदान काहीतरी नाकारावं लागतं.

तिसऱ्या दिवशी मी स्वतःच कुदळ उचलली. तेव्हा आबा हळूच म्हणाले, "रवा आण्णांनू. जमिनीक हात लावच्या आदी गाऱ्हाणा घालूक होया."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मांडलेली विनंती. त्या मुलखात विहीर असो, लग्न असो, होडी असो, आधी गाऱ्हाणं. एकाने मोठ्याने बोलायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. संडासाच्या खड्ड्यासाठी गाऱ्हाणं मी ऐकलं नव्हतं, पण म्हटलं, होऊन जाऊ दे. नारळ ठेवला, पानाचा विडा ठेवला. सुनंदा, प्रभाकरराव, हलिमाभाभी सगळे गोल उभे राहिले. भाभींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आबांनी हात जोडले, डोळे मिटले आणि कालपर्यंत दोन शब्दांच्या पुढे न गेलेला तो माणूस गडगडायला लागला.

"बा जागेवाल्या म्हाराजा..." (जागेवालो म्हणजे त्या जागेचा राखणदार.)

"व्हय म्हाराजा."

"आज तुझ्या जाग्यात ह्या घराच्या संडासाचो खड्डो मारूचो आसा रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"घाटावरसून पावणो इलो आसा. सोन्यासारखो माणूस. बहिणीच्या मायेन इतक्या लांब इलो, वांगडा मातीपण हाडल्यान रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." मला बरं वाटलं.

"तेच्या गावची जमीन पाणी धरून ठेवता. आमची पुळण पाणी सोडून देता. ह्या तेका ठावक नाय, तर तेचो दोष मानून घेव नको रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." ह्या खेपेला प्रभाकररावांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"कागदावर खड्डो बावीच्या वरच्या अंगाक दाखवलेलो आसा. खड्ड्यातला पाणी खाडीक जाताना वाटेत बावीत वस्तीक रवात. मगे ह्या दोन घरांनी पिवचा काय, ता तूच बघ. पावण्याक बरी बुद्धी दी, आनी आमका सांगूक तोंड दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," मीही म्हणालो. सवय लागली होती. शेवटचा 'जा' तोंडातून गेल्यावर अर्थ डोक्यात शिरला.

सगळे नारळाकडे बघत होते. माझ्याकडे कोणी बघेना. महिनाभर ज्या गोष्टीला फोनवर जागा मिळाली नाही ती देवाला सांगून झाली होती. घरच्या बाईच्या भावाला तोंडावर चूक म्हणायचं नाही, हा त्यांचा रिवाज. देवाला मात्र काहीही सांगता येतं. तिथे पाहुणा उभा असला तर तो देवाचा आणि पाहुण्याचा प्रश्न.

पण मी बार्शीचा. मी म्हटलं, "आबा, वाळू म्हणजे गाळणी. त्यातून गेलेलं पाणी उलट स्वच्छ होतं. आमच्याकडे शोषखड्ड्यातलं पाणी दिवाळीपर्यंत हलत नाही, तसंच्या तसं तुंबतं. इथे क्षणात जिरेल. अशी जमीन मिळायला नशीब लागतं."

हलिमाभाभींनी पदर मागे सारला. "गाळण्यातसून चायची पावडर अडता, आण्णा. चाय अडणा नाय."

सुनंदाने खाली बघून नखं तपासायला घेतली.

"घाण वरच्या वर सुकते, भाभी."

"वर सुकाक वर होयी मा. पुरुसभर खड्डो आनी पुरुसभर खाली पाणी. मगे सुकतली खंय?" मग त्या तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "मीठ घालून बघूया."

त्यांच्या सासऱ्यांनी म्हणे एकदा असंच केलं होतं. नकाशातल्या जागी खड्डा मारायचा, त्यात मीठ टाकायचं, वर पाणी ओतत राहायचं आणि रोज बावीच्या पाण्याचा चहा करायचा.

"आणि बाव खारट झाली तर?" मी विचारलं.

"चार दिस उपसूया. पावसात धुवान जायत. त्या दुसऱ्या वस्तूपरास मीठ बरा."

मग मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, "तीन दिवसांत चहा खारट लागला तर नवा खड्डा तुम्ही सांगाल तिथे मी माझ्या हाताने खणीन." आबांनी पहिल्यांदाच 'करूया' म्हटलं नाही. ते म्हणाले, "बरा."

आणि तासाभरात खड्डा तयार. महिनाभर न हललेला माणूस. दोन्ही घरांनी पिण्यासाठी हंडे भरून ठेवले, मग जाळ्यांच्या दुकानाशेजारून आणलेलं अर्धं पोतं जाडं मीठ मी स्वतः खड्ड्यात ओतलं. वर पाणी सोडलं. वाळूने ते असं गिळलं की बादली पाठोपाठ जाते की काय म्हणून मी कडी घट्ट धरली.

पहिल्या दिवशीचा चहा गोड. दुसऱ्या दिवशीचाही गोड. मी फुगलो, आषाढातल्या आमच्या मातीसारखा. त्याच तोऱ्यात प्रभाकररावांना घेऊन कुणकेश्वरला गेलो. देवळाच्या पायरीवर बसलं की समोर थेट समुद्र. मी देवाकडे काही मागितलं नाही, फक्त वाळूबद्दल मी काय म्हणालो होतो त्याची आठवण करून दिली.

परतताना सड्यावर एक म्हातारबाबा आंब्याच्या कलमांना पाणी घालताना दिसले. खालती नुसता कातळ. त्यांनी कातळ फोडून खड्डे केले होते, खालून तांबडी माती डोक्यावरून आणून भरली होती आणि त्यात कलमं लावली होती. मला एकदम गहिवरून आलं. माझ्या डिकीत दोन पोती अजून तशीच होती. सुनंदा रोज 'बघूया' म्हणत होती, तीही आता मालवणी झाली होती. मी मूठभर काळी माती बाबांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "घ्या. हिच्यात खुंटी रोवली तरी पालवी फुटते."

बाबांनी ती बोटांत चोळली, वास घेतला, थोडं पाणी टाकून गोळी वळली. गोळी झकास वळली. "बरी आसा," ते म्हणाले. "पण पावसात ही फुगात आनी कलमाचो गळो आवळात. आमच्या कलमांचे पाय कोरडे रवाक होये." माती त्यांनी जपून माझ्या हातात परत दिली, एखाद्याचं पोर परत द्यावं तशी. "मडकी करा हिची."

तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर सगळे जमले. चहा हलिमाभाभींनी केला होता. सुनंदाने घोट घेतला आणि खाडीकडे बघितलं. प्रभाकररावांनी घोट घेतला आणि वर्तमानपत्र उलटं धरलं. आबांनी बशीत ओतून फुर्रकन ओढला, चेहरा हलला नाही. मग मी प्यालो.

अहो, समुद्राला उकळी फुटली होती त्या कपात. हे तिखटमीठ लावून सांगितलं, पण खोटं कशाला, तितकं नव्हतं. लागलं मात्र स्वच्छ, जिभेच्या कडेला, शंका न ठेवणारं.

मी म्हटलं, "चहा फक्कड झालाय."

"आणखी घालू?" भाभी.

"घाला." दुसरा कपही मी संपवला. माणसाची अब्रू कपात असते तेव्हा कप रिकामा करावा लागतो.

"आण्णांनू," आबा म्हणाले, "वायच साखर घालू?"

तरीही माझ्या मनात पाप आलं. मीठ विहिरीत आलं की भाभींच्या पातेल्यात? मी उठलो, बावीवर गेलो, स्वतः कळशी सोडली, ओढली आणि ओंजळीने प्यालो. वर आलेलं पाणी खारट होतं. मागे वळलो तर भाभी उभ्या. त्या हसत नव्हत्या. बावीत वाकून बघत होत्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून उभं राहावं तशा.

"मीठ होता म्हणान कळला," त्या हळू म्हणाल्या. "त्या दुसऱ्याक चव नसता, आण्णा."

मी जाऊन कुदळ आणली.

नवी जागा पश्चिमेला, बावीच्या पलीकडे, प्लॉटच्या अगदी टोकाला. पाणी तिथून सरळ खाडीच्या दिशेने उतरतं, मागे फिरून बावीकडे येत नाही. तिथे प्रभाकररावांची गुलाबाची बाग होणार होती. ती गेली. मी खणायला लागलो. पहिलं घमेलं बाहेर टाकलं, दोन घमेली आत घसरली. तासाभराने मी जिथे उभा होतो तिथली जमीन सुरुवातीपेक्षा उंच झाली होती असं माझं प्रामाणिक मत आहे. आबा माडाला टेकून बघत होते.

"आण्णांनू, तुमी खणतास ता दिसता," ते म्हणाले. "पण खड्डो खंय आसा?"

मग पंचा डोक्याला गुंडाळून ते उतरले. पुळणीत सरळ खणायचं नसतं, उतरत्या कडा ठेवायच्या आणि चिऱ्यांचं कडं रचत खाली जायचं, हे त्यांनी हाताने दाखवलं, तोंडाने नाही. खोल जायचंच नव्हतं. टाकी निम्मी जमिनीवर ठेवली. चिरे रचून झाल्यावर मी म्हटलं, "झालं." आबांनी माझ्या फोनमधला तो फोटो काढायला लावला, पाणी पिणाऱ्या चिऱ्याचा. मी सुनंदाला तो अभिमानाने दाखवला होता, तेव्हा त्यांनीही पाहिला होता. "हो तुमचोच फोटो मा?" मग आतून सिमेंटचा जाड गिलावा झाला, दोन हात. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी शोषखड्डा नाहीच केला. उथळ, पसरट वाफा केला आणि त्यात केळी आणि कर्दळ लावली. वरच्या वर पिऊन टाकणारी झाडं. बाव रोज उपसून ते खारट पाणी माडांच्या बुंध्यात सोडलं. माडाला तिथले लोक मुद्दाम मीठ घालतात, त्यामुळे सगळ्या गावात माझं मीठ गोड मानून घेतलं ते एवढ्या माडांनीच.

राहिला माझा जुना खड्डा. तळाची मिठाची वाळू आबांनी खरवडून माडांखाली टाकली. मी म्हटलं, आता बुजवून टाका. भाभींनी विचारलं, "ती दोन पोती खंय आसत?"

अर्धा खड्डा वाळूने भरला, वर दोन्ही पोती ओतली, पाणी शिंपडून पायांनी तुडवली. आमची माती काय करते? फुगते आणि पाणी धरून ठेवते. त्या अख्ख्या पुळणीत पाणी धरणारी ती एकच जागा झाली. भाभींनी परसातून अळूचे कांदे आणून लावले. अळूला पाय ओले लागतात. मी तुडवत असताना आबा म्हणाले, "बघा, माती कामाक इली." मला ते टोमण्यासारखं वाटलं, पण त्यांचा चेहरा खरोखर समाधानी होता.

निघालो त्या दिवशी चहाला अजून खारट झाक होती. भाभींनी डबा भरून दिला, त्यात घावणे होते. बाव बरी झाली की कळवते म्हणाल्या. फोंडाघाट चढताना डिकी हलकी होती आणि मी दोनदा आरशात मागे बघितलं, उगाच.

पावसाने जोर धरल्यावर भाभींचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. "आण्णा, पाणी गॉड झाला. आजची चाय पयल्यासारखी. अळू गुडघ्याक लागता." सुनंदा नव्या घरात राहायला गेली होती. मी खूप आनंद व्यक्त केला. मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घराच्या खड्ड्याशेजारी पाणी खंयचा आसा?"

मी म्हटलं, "बघूया."

आमच्या घरामागे माझा शोषखड्डा आहे. त्याच्यापासून सात-आठ पावलांवर कुंपण आणि कुंपणापलीकडे वसंताची बोअर. जागा मीच दाखवली होती, पंचवीस वर्षांपूर्वी, दोन्हींची. दुसऱ्या दिवशी बाजारातून अर्धं पोतं जाडं मीठ आणलं. कमलने विचारलं, एवढं कशाला. लोणच्याला, म्हटलं. तिने लोणचं कधीच घालून ठेवलं होतं. रात्री ते मीठ मी गुपचूप शोषखड्ड्यात ओतलं.

तेव्हापासून रोज सकाळी मागच्या दाराने निघून वसंताकडे चहाला जातो. त्याला वाटतं, कोकणातून आल्यापासून मी प्रेमळ झालोय. काळी माती पाणी लवकर सोडत नाही, त्यामुळे किती दिवस जावं लागेल ते मलाही माहीत नाही. पहिला घोट घेताना तो माझ्याकडे बघत असतो आणि मी त्याच्याकडे.

"कसा झालाय?" तो विचारतो.

आजपर्यंत तरी गोड आहे.